अकरा मिनिटं

बटण दाबलं की आधी निळा दिवा,
मग काळोख, मग ते गोल फिरणारे ठिपके,
घंगाळात पडलेल्या माशीसारखे.
मोजून अकरा मिनिटं.
अंदाजे नाही, भिंतीवरच्या घड्याळात.

तेवढ्यात माझं दुकान झाडून व्हायचं.
शटरपुढं दोन तांबे पाणी मारून व्हायचं.
दाखल्याला आलेलं माणूस बाकावर टेकून
आधी डोक्यातलं ऊन उतरवायचं, मग बोलायचं.
तिसऱ्या मिनिटाला उत्पन्न,
सातव्याला जावई,
दहाव्याला ते, जे कुठल्याच रकान्यात बसत नाही.

उपाय मानवतात सगळ्यांकडं होते.
मोंढ्यातला हमाल म्हणाला, बॅटरी काढून घटकाभर उन्हात ठेवा.
भाचा फोनवर म्हणाला, आत्या, रिस्टार्ट मार.
म्हटलं, बाळा, स्टार्टच व्हईना गेलंय,
री कुठून आणू?

शेवटी परभणीहून खिजर आला.
छोटे पेचकस, एक दात घासायचा ब्रश,
आणि स्क्रू ठेवायला माझ्याच चहाची बशी.
पाठ उघडली तर पंख्यात रुई.
समोरच्या जिनिंगची, तीन हंगामांची,
पिंजाऱ्यानं गादीत भरावी तशी ठासून.
चिमट्यानं ओढत म्हणाला,
"ताई, पाच वाती व्हतील यात."
मी तो बोळा पुडीत बांधून गल्ल्यात ठेवला. का, ते विचारू नका.

मग त्यानं यादी उघडली.
मशीन जागं होताना त्याच्यासोबत कोण कोण उठतं, त्याची.
सतरा नावं.
"हे तर वऱ्हाडच उतरलंय की. हे लागतं का?"
विकून टाकलेल्या प्रिंटरचं. नाही.
"हे?"
मतदारयाद्या टाईप करायचा फॉन्ट.
त्यावर दोन निवडणुका होऊन गेल्या. नाही.
"आन् हे कुरिअरचं?"
व्यंकट दुकानात भागीला होता तेव्हाचं.
तो हैदराबादला गेला, हिशोब न करता.
त्याचं हे मात्र रोज माझ्या आधी उठून
पार्सल आलंय का ते बघत बसायचं.
नाही. बंद कर.
"हे?"

हे राहू दे.

लॅपटॉप शाळेच्या लिलावातला.
कुण्या गुरुजींनी आत घंटा बसवून ठेवलेली.
साडेदहाला परिपाठ, सव्वाएकला मधली सुट्टी,
पाचला लांबलचक टणटणाट.
रविवारी गप्प. दिवाळी मात्र तिला कळत नाही.
माझा डबा तिच्यावर उघडतो.
पलीकडचा सलीम टेलर तिच्यावरच
मशीनवरून पाय काढतो.
खिजरनं एकदा माझ्याकडं पाहिलं
आणि पुढच्या नावावर गेला.

जुनी डिस्क काढली, नवी घातली.
बत्तीसशे झाले, दोनशे सोडले.
"आता बघा," म्हणाला.
एकोणीस सेकंद.

एकोणीस सेकंदांत तांब्याचा तळसुद्धा झाकत नाही.

आज रुक्माजी आले, रहिवासी दाखल्याला.
चपला बाहेर काढल्या, टोपी गुडघ्यावर ठेवली,
"तर काय झालं बाई, नांदेडला पोरीकडं गेलतो..."
तोवर पडदा उजळलेला,
फॉर्म उघडा, रेघ लुकलुकायलेली.
त्यांनी तिकडं पाहिलं. थांबले. टोपी परत डोक्यावर.
आणि नाव सांगू लागले,
आडनाव आधी, तहसीलमधल्या आवाजात.

मी कीबोर्डवरून हात काढले.
"सर्व्हर डाउन हाय, मामा," म्हटलं. "बसा.
नांदेडला काय झालं?"