कट्ट्यापासून अठरा इंच

दस्तगीर मिस्त्रींनी पेन्सिल कानावर खोचली
आणि माझ्याकडं असं बघितलं
जसं मी छताला दार मागितलंय.

"शेगडीच्या वर खिडकी? वैनी,
वारं आलं की जाळ लवतोय.
दूध वर येत न्हाई, गॅस तेवढा संपतोय.
पडदा लावशीला, तर पेटंल.
कडी काढायला हात जाळावरनं न्यायचा,
पदराचं काय सांगता येतंय व्हय?
त्यापेक्षा पंखा बसवा. गोल भोक. मिटला विषय."

सगळं खरं होतं.
मी मान हलवली
आणि खडूनं भिंतीवर चौकोन काढला.

सव्वीस वर्षं या भिंतीकडं तोंड करून भाकरी थापल्या.
भिंतीवर माझ्या डोक्याएवढा एक तेलकट ढग आहे,
दिवाळीला रंग दिला तरी संक्रांतीपर्यंत परत येतो.
अलीकडं त्याला कानही फुटलाय.

यांना विचारलं.
हे उद्यमनगरात लेथवर असतात, सुताची चूक होऊ देत नाहीत.
म्हणाले, भिंत तुझी, तू ठरव.
लग्नानंतर पहिल्यांदाच काहीतरी माझं म्हणाले,
तेही भिंत.

भिंतीपलीकडं साडेतीन फुटांचा बोळ.
बोळापलीकडं चौगुल्यांची पद्मल,
तिची खिडकी, तिची शेगडी, अगदी समोर.
मोजणीदार आला, दगड नऊ इंच सरकला,
त्या आठवड्यात तिनं काचेला वर्तमानपत्र चिकटवलं.
सिलिंडर ओढत बोळातून येताना मी ते वाचते.
चार वर्षांपूर्वीचे गुळाचे भाव आहेत त्यात.

तशी बोलणी बंद नाहीत म्हणा.
चटणीच्या दिवसांत तिच्या कढईत मिरची पडली
की वरच्या जाळीतून येऊन मला ठसका लागतो.
मी खोबरं भाजायला घेतलं की तिकडं शिंक.
एक मी, एक ती. एप्रिलभर.

मिस्त्रींना ठाऊक आहे. दोन्ही घरं त्यांच्याच हातची.
हळूच म्हणाले, "दीड फूट डावीकडं घेऊ या का?
समोर कोरी भिंत येती. नजरेला नजर नको."

मी टेप मागितला.
कट्ट्यापासून चोवीस इंचांवर धरली, तर
समोरचं नुसतं कपाळ दिसेल.
बारावर धरली, तर हातसुद्धा दिसतील,
पण जाळ राहणार नाही, मिस्त्री म्हणतात तसं.

गेल्या भाद्रपदात तिचा मालक गेला.
मी दारापर्यंत गेले होते.
बाहेर चपलांचा ढीग होता,
त्यात माझ्या काढल्या नाहीत.
आतून कुणाच्या रडण्याचा आवाज येतोय
ते ओळखलं, आणि परत फिरले.
पूर्वी बाजाराला निघाली की हाक मारायची,
"मी जातो गं, तुला काय आणू?"
मी म्हणायची, आण काहीतरी.
ती नेमकं तेच आणायची.

"अठरा," म्हटलं.
"काच सरकती. कडी डाव्या अंगाला, जाळापासून लांब.
पडदा नको."
"आन् जागा?"
"चौकोन काढलाय की."

मिस्त्रींनी चौकोनाकडं बघितलं, मग माझ्याकडं,
आणि छिन्नी बरोबर ढगाच्या कानावर धरली.
मी पिठल्यावर ताट झाकलं.
तरी अर्धी भिंत पिठल्यात गेलीच.

दुपारपर्यंत रुपयाएवढं भोक पडलं.
मी डोळा लावला तर बोळातला अंधार
आणि पिवळ्या कागदाचा एक कोपरा, सुटलेला.
मग नाक लावलं.

मेथी.
लसूण आधी टाकलाय तिनं, नेहमीसारखा,
आणि करपवतीय.

जाळ बारीक कर म्हणायला
तोंड जाईल एवढं भोक
उद्या होईल म्हणाले मिस्त्री.