खिडक्यांचा कारभारी

ताक्वारेम्बोत, रेल्वे फाटकाच्या अलीकडे
माझं दुकान. एक टेबल, डाग द्यायची सळई,
आणि शाळेनं टाकून दिलेले बावीस लॅपटॉप,
प्रत्येकाच्या पोटात एक गीगाबाइट, वर कण नाही.
अंथरूण एवढंच.
पाय कुणाचे पसरू द्यायचे ते मी ठरवायचं.

म्हणून जुलैच्या गारठ्यात, माते नावाचा कडू काढा नळीनं ओढत
एकेक कारभारी बसवून पाहत होतो.
खिडक्यांचा कारभारी:
कुठली पुढे आणायची, कुठली मागे सारायची,
कुणाला चौकट, कुणाला नाही,
एवढंच त्याचं काम,
आणि एवढ्यावरून माझं नि यामान्दूचं
तीन वर्षं वाजतंय.

ओपनबॉक्स आला तो हात हलवत.
ना पट्टी, ना घड्याळ. रिकामी भिंत.
उजवी टिचकी मारली तर बोलेल,
नाहीतर दिवसभर गप्प, समजूतदार पाहुण्यासारखा.
आइसडब्ल्यूएमनं आल्या आल्या खाली पट्टी अंथरली,
कोपऱ्यात बटण, सगळं जुन्या कचेरीसारखं;
निवृत्त कारकुनांना तो लगेच आवडतो.
जेडब्ल्यूएम अगदी चिमणीएवढं खातो,
पण चारचौघांत न्यायचा तर आधी कपडे बदलावे लागतात.
आणि डीडब्ल्यूएम. त्याला काही सांगायचं
तर त्याचा मूळ मजकूरच बदलून पुन्हा घडवायचा,
म्हणजे दाराचा रंग आवडला नाही
म्हणून विटा भाजण्यापासून सुरुवात.
यामान्दू त्याच्यावर जीव टाकतो.
यामान्दूला संसार नाही.

मी वहीत आकडे मांडले.
पाच मेगाबाइटच्या फरकापायी
एक अख्खा रविवार गेला.
बायको म्हणाली, "विल्मार, हे वाचलेले पाच
आपण पुरून ठेवायचे का?"

मग एतेल्विनाबाई आल्या. वय एक्याऐंशी.
एकेकाळी स्टेशनात तारेवर होत्या.
गाडी गेली, तार गेली, बोटं राहिली,
आणि आता तीही हलतात, त्यांना न विचारता.
नातू बार्सिलोनात. त्याला पत्र लिहायचं होतं,
बोलायचं नव्हतं, लिहायचं होतं.

ओपनबॉक्सचा मेनू
बाण पोचेपर्यंत तीनदा मिटला.
आइसडब्ल्यूएमचं बटण दुप्पट केलं;
बाण त्याच्याभोवती माशीसारखा घोंगावला, बसला नाही.
बाईंनी माउस हळूच बाजूला सारला,
एका हातानं दुसरा धरला
आणि खिडकीबाहेर पाहत राहिल्या, खऱ्या खिडकीबाहेर.

वहीच्या शेवटच्या पानावर, लाल शाईत, आय-थ्री:
'नवख्याला देऊ नये.'
तो खिडक्या एकीवर एक पडू देत नाही.
एकटी असली तर सगळी जमीन तिची,
दुसरी आली की निम्मी निम्मी, मध्ये सरळ बांध.
आणि सगळा व्यवहार कळांवर, माउस पडला कोपऱ्यात.

"थोडी कळ काढा," म्हटलं,
आणि धरून ठेवायची कळ चिकटी केली:
दाबा, सोडा, मग पुढची.
थरथरीचे जोडठोके गाळायला सांगितले.
बाईंनी ऐकलं, मान डोलावली.
"म्हणजे आधी इशारा, मग निरोप.
हे एवढं सांगायला तुला अर्धा तास लागला?"

डावीकडे पत्र, उजवीकडे बार्सिलोनाचं हवामान.
ओळ चुकत होती, पुन्हा येत होती,
पण ठोक्यांना ठेका होता.
माझी सळई गार होऊन गेली.

यामान्दू आला. "किती मेगाबाइट घेतले?"
मोजायचं राहिलं होतं.

जाताना बाई म्हणाल्या, "ती निळी कड बदलता येते?"
येते की. कुठला रंग?
"हिरवा. पण कंदिलातला,
गाडी सोडताना दाखवायचे तो. पानाबिनातला नको."

त्या रात्री दुकान बंद करून
मी अकरा हिरवे शेजारी शेजारी मांडले
आणि वहीत नवं पान काढलं.