तीन अधिक चार

बस, गिब्बी. बूट राहू देत पायात,
फरशी उद्या पुसायचीच आहे.
हातातला तो कागद इतका चुरगळलाय
की वाटावं ॲबर्डीनहून लर्विकला
पोस्टानं नाही, पोहत आला.

दे इकडे. माझा चष्मा... हां.

सात लिहिलंय.
सात म्हणजे कसले सात, विचारलंस?
नाही ना. मीही नव्हतं विचारलं.
इंकस्टरबाईंनी आपल्याला शिकवलं होतं,
तीन अधिक चार काय, चार अधिक तीन काय,
उत्तर तेच.
इथे तसं नाही.
इथे पुढे कोण उभा आहे त्यावर बरंच ठरतं.
तुझा तीन पुढे आहे. आळशी पेशी जास्त,
चपळ कमी. मला एवढंच कळतं.
पेन्सिल घे, रेघ मार त्याच्याखाली,
आणि बाकीचं तिला विचार.

मी कोण? तीस वर्षं फेरीबोटीच्या पोटात
तेल पुसणारा माणूस.
इंजिनाचा आवाज बदलला की कधी उघडावं लागतं,
कधी नुसता कान लावून बसावं लागतं, हे ठाऊक आहे.
पण तू इंजिन नाहीस,
तुझे सुटे भाग ग्लासगोहून मागवता येत नाहीत.

माझं ऐक.
कॅन्सर हा शब्द आला आणि माझे कान मिटले.
डॉक्टरीणबाईंचे ओठ हलत होते,
मी खिडकीतून लाल गाड्या मोजत होतो.
चार होत्या.
म्हटलं, काढून टाका.
काढलं. तो रक्तातला आकडा आता शून्याला टेकलाय,
तेही खरं, तेही लिही.
पण पुढचं वर्षभर
मी खिशात रुमालाआड पॅड घेऊन चर्चला गेलो,
शिंक येतेयसं वाटलं की आधी दार शोधायचो.
आणि ओस्ला आणि मी...
ते जाताना दारात विचार,
ती केटलीपाशी नसताना.
विचार मात्र.
मला कुणी सांगितलं असेलही.
चार लाल गाड्या होत्या, गिब्बी.

लाउरीनं किरणं घेतली.
वीस वेळा ते यंत्र, चार आठवडे परक्या खाटेवर,
आणि तेही मे महिन्यात, मेंढ्या व्यायच्या दिवसांत.
शेजाऱ्यानं सांभाळलं. दोन कोकरं गेली.
आजही विचारलं की तो थकवा सांगत नाही,
रात्री पाच वेळा उठणं सांगत नाही,
ती दोन कोकरं सांगतो.

मॅग्नीनं काहीच केलं नाही.
त्याच्यासमोर म्हणू नकोस हे, चिडतो.
ठरल्या दिवशी रक्त, ठरल्या महिन्यात स्कॅन,
मध्ये एकदा पुन्हा ती सुई.
नऊ वर्षं लक्ष ठेवून बसलाय.
त्याची बायको म्हणते,
लक्ष तो ठेवतो, जागी मी असते.
हेही लिही.
कागदावरच्या दुष्परिणामांत हे नसतं.

तर वही घे. पहिलं विचार, घाई किती आहे?
मला वाटतं तुला आठवडे आहेत, दिवस नव्हे,
पण ते तिच्या तोंडून ऐक, माझ्या नको.
तुझ्यासारखे शंभर असतील तर
किती जणांना कायमचं गळतं,
आणि तुमच्या हातून किती जणांना, हे वेगळं विचार.
राग येऊ दे तिला. येणार नाही.
आणि तुला काय सुटता सुटत नाही ते सांग:
बोट, मेंढ्या, रात्रीची झोप,
किंवा विल्मा.
ती ते तपासून काढू शकत नाही.

बाहेर बघ, साडेतीनलाच दिवस संपला.

काय म्हणालास?
माझ्या जागी तू असतास तर?

मी होतो तुझ्या जागी.
गाड्या मोजल्या.

गुरुवारी येतो बरोबर. बोलणार नाही,
वही धरीन.
आता चहा घे, गार होतोय.
ओस्ला वर गेली.
ते दुसरं विचारायचं होतं ना,
विचार.