सराफ्यात, रात्री साडेनऊ

दिवसा जिथं सोनं तोलतात
त्या ओट्यांसमोर रात्री गराडू तळतात.
बंद शटरला पाठ टेकून आम्ही चौघं,
तीन कंपन्यांचे.
गणवेश हॉटेलात काढून ठेवलेत, तरी ओळखू येतो:
बोलता बोलता प्रत्येक जण घड्याळ बघतो.

बिलोरे म्हणाला, भिया, भांडू दे ना त्यांना.
समोरासमोर दोन दुकानं लागली
की मालाचा भाव चढतो. आपण माल.
लाजायचं काय त्यात?

खोटं नव्हतं ते.
जांभळ्या शेपटीची कंपनी आली त्या वर्षी
माझा पगार दीडपट झाला, न मागता.
आईनं फोनवर विचारलं, असं काय केलंस तू?
काहीच नाही. मी तोच, विमान तेच,
बिजासनच्या टेकडीवरचे तेच दिवे,
तेच उतरणं.
फक्त समोर दुसरं दुकान लागलं होतं.

मृण्मयी टोकेकरनं गराडूवर लिंबू पिळलं,
पार साल उलटी होईपर्यंत.
म्हणाली, चढतो तो डाव्या सीटचा भाव.
उजव्या सीटसाठी रांग आहे.
बाबांनी सुदामानगरचं घर गहाण टाकलं परवान्यासाठी,
वर तीन वर्षांचा बाँड,
वर नोटीस बारा महिन्यांची.
दुकान बदलायला मालाला पाय लागतात, सर.

सर म्हणाली. एरवी नावानं हाक मारते.

मग मन्सूरी बोलले, जे सहसा बोलत नाहीत.
मागच्या दिवाळीत
लाँड्रीच्या पावतीमागे अकरा नावं लिहिली होती त्यांनी.
हक्काची सुट्टी कुणी विकायची नाही,
फोन आला तर अकरांनी एकच उत्तर द्यायचं.
सकाळपर्यंत नऊ उरली.
दोघं रात्रीतून जांभळे झाले होते,
जॉइनिंग बोनस घेऊन.

त्या दोघांतला एक मी.
मन्सूरींना माहीत आहे.
त्यांनी माझ्यापुढं शिकंजीचा ग्लास सरकवला
आणि भुट्ट्याचा कीस आज तिखट झालाय म्हणाले.

वर असं नसतं.
खांडव्यापलीकडं एका रात्री नागपूर मला ऐकेना,
तेव्हा कुठल्याशा विमानातून एक अनोळखी आवाज आला,
सांगतो मी त्यांना तुमचं, बोला.
बोललो. त्यानं शब्दन्‌शब्द पोचवला.
कुठल्या कंपनीचा, मी विचारलं नाही.
ढगात धक्के कुठं आहेत,
वारा कुठून फिरलाय,
तिथं आम्ही फुकट वाटतो.

दहा हजार फुटांखाली मात्र
अवांतर बोलायचं नाही, असा नियम आहे.
जमिनीवर आम्ही तो फारच पाळतो.

जलेबा एकच मागवला, चौघांत.
तोडताना पाक बिलोरेच्या बाहीवर ओघळला,
पैसे कुणी दिले आता आठवत नाही.
झोपेचे नियमातले तास मोजून उठलो.

सकाळी एकाच शहराला तीन विमानं,
वीस-वीस मिनिटांच्या अंतरानं,
तिकिटात चाळीस रुपयांचा फरक.
मृण्मयी पुढं असेल, मी तिच्या मागं.
चाकं उचलताना ती सांगेल,
टेकडीकडून घारी उठल्यात, सांभाळा.

मी तिच्या विमानाचा नंबर उच्चारून आभार मानीन.
नाव घ्यायची पद्धत नाही.