गुळगुळीत बाजू

दिवाडीच्या धक्क्यापासून तिसरं घर एस्पेरांसचं.
काजूबी भाजताना तेल उडालं, सातव्या वर्षी,
तेव्हापासून एकच डोळा.
केस बारीक कुरळे, आता मिठासारखे पांढरे,
आणि गावानं ठेवलेलं नाव, खाप्रीण.
ती ओ देते.
नाव त्यांचं, म्हणते, ओ माझी.

मी तिच्याकडून माडाचा शिरको नेतो
आणि बदल्यात गोष्टी देतो.
निवृत्त मास्तरकडे दुसरी मोड कुठली?

काल दिली ती अशी:
नाईलच्या वरल्या वळणावर, वाळूच्या मुलखात
एक राणी होती. तिलाही एकच डोळा.
रोमचे शिपाई कर मागायला आले तशी
ती तिरंदाज घेऊन खाली उतरली,
बादशहाचे पुतळे पाडले,
एकाचं कांस्याचं डोकं छाटून आणलं
आणि देवळाच्या पायरीखाली पुरलं.
मग येणारी जाणारी प्रत्येक म्हातारी,
प्रत्येक शेरडू
त्याच्या कपाळावर पाय देऊन आत.

"दुसरा डोळा दुखायचा तिचा? रात्रीचा?"
माहीत नाही.
"पोरं किती?"
त्यांची लिपी वाचता येते, मी म्हटलं,
अक्षर न् अक्षर उच्चारता येतं.
अर्थ मात्र फारसा लागत नाही कुणाला.

ती गप्प झाली.
मग चार शब्द म्हणाली, जात्याच्या लयीत,
कोकणी नव्हेत, पोर्तुगीज नव्हेत.
"शाभा म्हणायची, माझ्या आजीची आई.
मोझांबिकच्या गलबतातून आणलेली.
मीही म्हणते. काय म्हणते, देव जाणे."

विहिरीपाशी धुण्याचा दगड.
तिनं माझा हात धरून त्याच्या पोटाखाली घातला.
शेवाळ, गोगलगाय,
मग बोटांना लागला मुकुट,
मुकुटाखाली ढाल,
ढालीवर किल्ले. पाच मोजले,
पुढे हात पोचेना.

"पाय पलीकडच्या पडक्या जकातघरातून
होडीत घालून आणला. भरतीला."
पालथा मुद्दाम घातला?
माझा आवाज थोडा चढलाच असावा.
"मुद्दाम कसला! कपडे फाटतात नक्षीवर.
गुळगुळीत बाजू वर हवी, इतकंच."

संग्रहालयाला पत्र लिहावं, मी पुटपुटलो.
"लिही. शिरको बंद."

आणि तिनं पिळलेली चादर उचलली,
डोक्यावरून मागे नेली,
डोळा मिटला
आणि आपटली.