वाडीच्या गॅरेजमधली माती

शमीम उस्ताद म्हणाला, "माती? काहून पायजे मॅडम,
इथं तर गवतबी येत नाही."
म्हटलं, म्हणूनच.
तीस वर्षं ट्रकांच्या पोटातून गळालेलं ऑइल
त्या अंगणात मुरलेलं,
चपलेला धरून ठेवणारी काळी जमीन.
चमच्यानं दोन मुठी उकरल्या,
पिशवीवर लिहिलं : वाडी. १९.

त्या मुठींत कुणीतरी जेवत होतं.
गवतानं हात टेकले तिथं
पिढ्यांवर पिढ्या काढत होतं.
तेल पाण्यात येईना,
तर यानं स्वतःच्या अंगातून साबण काढला
आणि आपला घास आपणच भिजवून घेतला.

अठरा फ्लास्कांत काही नाही.
एकोणिसाव्यात फेस.

धकाते काका, पस्तीस वर्षं काचसामान धुणारे,
वाकून बघत राहिले.
"आमच्या गोळीबार चौकात रंगारी रिठे उकळे,
सुताची चिकट काढाले.
थ्याचा फेस असाच. घाई नसलेला."
मग विचारलं, याचं करायचं काय?

काका, जमिनीखाली तेलाचं तळं नसतं.
दगड असतो.
त्याच्या केसाएवढ्या भेगांत तेल बसलेलं.
शंभरातलं तीस-पस्तीस वर येतं,
बाकीचं दगड सोडत नाही.
पाणी ढकललं तर पाणी शेजारून निघून जातं,
ओळख न दाखवता.

काका काही बोलले नाहीत.
दुपारी कॅन्टीनच्या बेसिनपाशी
पोह्याची रिकामी प्लेट धरून उभे.
तळाशी पाणी, वर तर्रीची लाल साय.
करंगळीनं साबणाचा एक थेंब मधोमध.
साय थरथरली, पळाली, काठाला जाऊन चिकटली.
"असं?"
असंच काका. फक्त दीड किलोमीटर खाली, अंधारात.

मे महिन्यात ट्रान्सफॉर्मर उडाला.
शनिवार, रविवार, इन्क्युबेटर मुका.
सोमवारी मी फेकायच्याच तयारीनं कुलूप काढलं.
भिंतीवरचा पारा पंचेचाळीसवर,
आणि एकोणीस नंबर दाट, दुधाळ,
फेस बुचाला टेकलेला.
खोल दगडात बाराही महिने वैशाखच असतो.
त्याची तालीम नागपूरनं फुकटात करून घेतली.

काचेच्या नळीत कन्हानची वाळू ठासली,
मेहसाण्याहून कॅनमध्ये आलेलं कच्चं तेल पाजलं.
पाणी सोडलं. तेल आलं, कमी झालं,
मग नुसतंच पाणी.
मग एकोणीस नंबर आत, दोन्ही तोट्या बंद.
सात दिवस.
त्या सात दिवसांत माझ्या भावाचा साखरपुडा झाला,
मला त्यातलं फक्त लाडवाचं तूप आठवतं,
बोटाला किती वेळ राहिलं ते.

आठव्या दिवशी तोटी उघडली.
पाणी. पाणी. पाणी.
मग एक काळा ठिपका, लोंबत राहिलेला,
सुटू की नको करत,
आणि सुटला.
त्याच्यामागून दुसरा.
काकांनी मेजरिंग सिलिंडर दोन्ही हातांनी धरला होता,
परडीसारखा.

उरलेल्यातलं शेकडा एकवीस.
कंपनीच्या साहेबांनी फोनवर अभिनंदन केलं, लगेच विचारलं,
बॅरलमागे खर्च किती?
आणखी कुणी काही विचारलं नाही.
बाहेर सेहेचाळीस झालं होतं,
आणि मी खाली राहिलेलंही वर काढायला शिकले होते.

उस्तादला सांगायला म्हणून वाडीला गेले.
अंगणभर नवे पेव्हर ब्लॉक, लाल आणि करडे.
"बघा मॅडम, आता पाय नाही माखत."
चहा मागवला त्यानं. छान झालं, मी म्हटलं.
ब्लॉकच्या फटीत बोट घालून पाहिलं, तो फोनवर असताना.
रेती. कोरडी.

निघाले. काटा लालवर होता.
पंपावर माझ्यापुढे अकरा गाड्या,
इंजिनं चालूच.