रकाना

अर्जावर तीन रकाने होते: नवखे, मध्यम, प्रगत.
मी पेन उचललं आणि तिसऱ्यात फुली मारली.
विचारायचं कशाला?
गेल्या नोव्हेंबरात, आमच्या ह्मोंग नववर्षाच्या मेळाव्यात,
पाकूनं सलग सात सर्व्हिस मारल्या,
शेबॉयगनहून आलेल्या पोरी नुसत्या बघत राहिल्या.
माझा मेहुणा तूलू खुर्चीवर चढून ओरडला. खुर्ची मोडली.
आठवी जाळ्यात गेली, ते आम्ही कुणाला सांगत नाही.

पाकू जेवता जेवता वाकून बघते.
"बाबा, खोडा ते."
पेनानं लिहिलंय, मी म्हटलं.
"मग दुसरा अर्ज आणा."

चिकट भाताचा गोळा बोटांत वळत
ती सांगते, जसं दात दुखतोय सांगावं तसं:
"माझा पाय चुकतो. डावा आधी पडायला हवा,
माझा उजवा पडतो. मग हवेत मी तिरकी होते.
तुम्हाला नाही दिसत.
तुम्ही चेंडू बघता."

बरं, मग मधला?
"मधल्यात पाय येतो असं धरूनच चालतात."

आता काय बोलणार?
तो पाय माझाच आहे.
खिडक्यांच्या कारखान्यातून सुटल्यावर,
बाह्यांवर लाकडाचा भुसा तसाच,
वॉसॉच्या पार्कात रोज संध्याकाळी
मी तिला दिला तो, होता तसा.
मला तरी कुणी शिकवलं होतं?
छावणीत लाल माती, दोन बांबू, मधे दोरी.
चेंडू दोरीवरून गेला की खालून
यावरून डाव कमी, भांडणं जास्त.
मी नऊ वर्षांचा. मोठी पोरं मला फक्त
काटेरी तारेशी गेलेला चेंडू आणायला धाडायची.
मी पळायचो, तारेपाशी जरा थांबायचो,
पलीकडचा रस्ता बघायचो,
मग शिव्या ऐकू यायच्या.

रकाने तिथंही होते.
टेबलामागचा माणूस विचारायचा आणि
वडील प्रत्येक उत्तर थोडं फुगवून द्यायचे:
जमीन जास्त, गुरं जास्त, शाळा जास्त.
फक्त माझं वय त्यांनी दोन वर्षांनी कमी केलं.
मी रडलो. इतका मोठा झालो होतो मी, मेहनतीनं.
ते म्हणाले, "तिकडे गेल्यावर कळेल."

तिकडे, म्हणजे इकडे, पाचवीच्या वर्गात
मी सगळ्यांत उंच.
फोटोत मागच्या रांगेत, मिशीची रेघ फुटलेला.
हसायचे सगळे.
आणि फळ्यावरचं, जन्मात पहिल्यांदा,
मला लागत होतं.
हे मी वडिलांना कधी बोललो नाही.
दुसऱ्या अर्जावर मी पहिल्या रकान्यात फुली मारली.
हात जरा जड पडला, कागद फाटता फाटता राहिला.

जूनचा पहिला सोमवार. शाळेच्या जिममध्ये चार कोर्ट.
पलीकडे प्रगत: चेंडू असे आदळतायत
की दार हादरतंय.
अलीकडे आठ-नऊ वर्षांची चिल्लीपिल्ली, कुणाची नाडी सुटलेली,
आणि त्यांच्यात पाकू, खांद्यापासून वर सगळी.
डाल्कीबाईंनी जमिनीवर चिकटपट्टीची पावलं काढलीत.
डावं. उजवं, डावं. उडी.
चेंडू कुणाच्याच हातात नाही.
पाकू मान खाली घालून पावलं बघते,
चुकते, परत मागे जाऊन रांगेत उभी राहते,
तिच्या पुढे एक दात पडलेली पोर.
तूलूला फोटो पाठवायचं मी कबूल केलं होतं.
फोन खिशातच ठेवला.

कामावर जायला अजून वीस मिनिटं.
ट्रक लावलाय तिथं, दोन गाड्यांच्या मधे, कुणी नाही बघून,
जेवणाचा डबा बॉनेटवर ठेवला
आणि धावलो.

उजवा पडला आधी.